चांगला बार कोठे आहे?

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास विद्यार्थी जे प्रश्न विचारतात ते बहुधा परीक्षेपुरते असतात. मागील उन्हाळ्यात मात्र पदवी परीक्षा आटोपून नोकरीसाठी मुंबईस निघालेल्या दोघा विद्यार्थ्यांनी निरोप घेता घेता, अर्धवट थट्टेत, "सर, मुंबईत चांगला बार कोठे आहे हो?" असा प्रश्न केला. प्राध्यापकांच्या खोलीत हशा पिकला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने "पिढी कोठे चालली आहे" असे नेहमीचे उद्गारही काढले. मला तो प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा वाटला नाही. करमाळ्यात दारू कोठे मिळते हे सर्वांस ठाऊक असते. ती माणसाप्रमाणे बसून कोठे घेता येईल हा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही, कारण त्यास उत्तरच नाही. महानगरात तो विचारता येतो आणि त्याचे उत्तरही मिळते. हा फरक रुचीचा किंवा संस्कारांचा आहे असे सामान्यतः समजले जाते. माझ्या मते तो कायद्याने आणि कराने निर्माण केलेला आहे, आणि त्याची किंमत करमाळ्यासारखी तालुक्याची गावे मोजीत आहेत.

त्यानंतर काही महिन्यांनी परीक्षेच्या कामानिमित्त मुंबईस जाण्याचा योग आला. जेऊरकडील एका गावचा माझा एक जुना विद्यार्थी लोअर परळमधील एका बारमध्ये पेये तयार करण्याचे काम करतो. बी.कॉम. झाल्यावर त्याने पुण्यास हॉटेल व्यवसायाचा अभ्यासक्रम केला आणि आता त्या धंद्यात त्यास बऱ्यापैकी मान आहे. त्याने सुटीचा एक दिवस माझ्यासाठी खर्ची घातला आणि, "सर, तुम्ही पिऊ नका, पण बघा तरी," असे म्हणून शहर दाखविले. मी अगदीच सोवळा नाही, हे येथे कबूल करून टाकतो.

ताजमहाल हॉटेलातील हार्बर बार १९३३ सालापासून आहे; परवानाधारक बारमध्ये तो शहरातील पहिला म्हणून सांगितला जातो. तेथील खिडकीतून गेट वे ऑफ इंडिया दिसते आणि दरपत्रकातून आपली प्राध्यापकी दिसते. आम्ही तेथे बसलो नाही. कुलाब्याच्या हमरस्त्यावर १८७१ चे लिओपोल्ड आणि १९३२ चे मोंडेगार ही इराण्यांची जुनी उपाहारगृहे आहेत. पैकी लिओपोल्डने २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांच्या गोळ्या झेलल्या आणि काही दिवसांतच दारे पुन्हा उघडली. ताजच्या मागल्या गल्लीत गोकुळ आहे, वांद्र्यास जनता आहे. ही शहरी 'परमिट रूम'ची ठिकाणे. तेथे कारकून, पत्रकार, विद्यार्थी आणि मोठ्या पगाराची माणसे शेजारी शेजारी बसतात, वाढपी नावानिशी ओळखतो आणि बिल अंगावर येत नाही. चांगल्या बारांच्या ज्या याद्या इंग्रजी नियतकालिकांत छापल्या जातात त्यांत यांचे नाव क्वचित असते. मला विचाराल तर त्या दोघा विद्यार्थ्यांस मी प्रथम येथेच पाठवीन.

याद्यांत असतात ते बार बहुतेक गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले त्यांच्या आवारांत आज काचेची कार्यालये आणि खाद्यपेयगृहे उभी आहेत. कमला मिलच्या आवारात २०१५ साली उघडलेल्या 'बॉम्बे कॅन्टीन'ने पेरू, कोकम, चिंच, गूळ असले देशी जिन्नस घेऊन पेये करण्याची रीत लोकप्रिय केली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. गोव्याची काजूची फेणी, जिला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती येथे चढ्या भावाने विकली जाते. मोहाची दारूही आता काचेच्या सुबक बाटलीतून येते. ज्या मोहाच्या फुलांवर इंग्रज सरकारने १८९२ साली स्वतंत्र कायदा करून ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींस चोर ठरविले, त्याच फुलांचा हा गौरव पाहून गंमत वाटते. या आवाराची दुसरी आठवणही विसरू नये. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री तेथील गच्चीवरील बारांस आग लागून १४ माणसे मेली, आणि अग्निसुरक्षेचे नियम कसे पाळले जात नव्हते हे नंतर बाहेर आले. तेव्हा महानगरातील सर्व काही आदर्श आहे असे माझे म्हणणे नाही.

आम्ही अखेर जेथे बसलो त्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने मला कॉकटेलची रीत समजावून दिली. आंबट, गोड, कडू आणि तीव्र यांचा तोल राखावयाचा. मद्य मापाने घ्यावयाचे, अंदाजाने नव्हे. बर्फात घुसळताना पेय थंड होते आणि त्याच वेळी बर्फ वितळून त्यात सुमारे पाव हिस्सा पाणी मिसळते, ते पाणी हा कृतीचा भाग असतो. "सर, यात दारूच सर्वांत कमी असते," तो म्हणाला. हे वाक्य मी टिपून ठेवले. ही रीत पाश्चात्त्यांची असे आपण समजतो. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत १६७० च्या दशकात मुंबई, सुरत आणि जुन्नरकडे वावरलेला डॉक्टर जॉन फ्रायर याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात 'पंच' या पेयाचे नाव आपल्याकडील 'पाच' या संख्येवरून, त्यातील पाच घटकांवरून, पडल्याचे नोंदविले आहे. ही व्युत्पत्ती सर्व पंडितांस मान्य नाही. तथापि 'टॉडी' हा इंग्रजी शब्द आपल्या ताडीपासून निघाला याविषयी वाद नाही. करमाळ्याच्या देशी दारूच्या दुकानात 'टँगो पंच' मागणाऱ्या मजुरास आपण तीनशे वर्षांचा शब्द उच्चारतो आहोत याची कल्पना नसते.

आता हिशेब. पेल्याचे ८५० रुपये झाले. त्यात साठ मिलिलिटर मद्य होते. आपल्याकडील बाटलीबंद मद्याची तीव्रता सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के असते. म्हणजे त्या पेल्यात शुद्ध मद्यार्क सुमारे २६ मिलिलिटर. एका मिलिलिटरला ३३ रुपये पडले. करमाळ्यात सरकारमान्य देशी दारूची १८० मिलिलिटरची बाटली, जिला सर्वजण क्वार्टर म्हणतात, किमान ८० रुपयांस मिळते. तीव्रता तितकीच, म्हणजे मद्यार्क ७७ मिलिलिटर. एका मिलिलिटरला एक रुपया. मद्यार्क तोच, रसायन तेच. एक रुपया कोठे आणि तेहतीस रुपये कोठे! ही ३२ रुपयांची तफावत कशाची? खुर्ची, उजेड, थंड हवा, स्वच्छ पेला, संगीत, शेजारी बसलेल्या स्त्रीला भीती वाटणार नाही असे वातावरण, आणि एक पेला दीड तास पुरविण्याची मुभा. महानगरातील बार दारू विकीत नाही. तो बसण्याची जागा विकतो. करमाळ्यात जागा नाही, म्हणून केवळ दारू विकली जाते.

ही स्वस्त दारू येते कोठून, हे करमाळेकरांस सांगावयास नको. आदिनाथ आणि मकाई या तालुक्यातील सहकारी कारखान्यांचे चढउतार येथील प्रत्येक घराने सोसले आहेत. एक टन उसापासून साखर निघून गेल्यावर सुमारे ४५ किलो मळी उरते, आणि त्या मळीपासून सुमारे दहा लिटर मद्यार्क होतो. दहा लिटर मद्यार्क म्हणजे देशीच्या १३० क्वार्टर; ८० रुपयांप्रमाणे १०,४०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा 'एफआरपी' म्हणून ओळखला जाणारा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये आहे, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हावयाची. हा हिशेब शिकविण्यापुरता आहे, हे मान्य. १०,४०० मध्ये कर, कारखानदारी, बाटली, दुकानदार सर्व काही आले. शिवाय आज मळीचा मोठा भाग पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलकडे जातो. तरीही ऊस पिकविणाऱ्याच्या टनामागे, साखर बाजूला ठेवून, केवळ मळीच्या वाटेने किती पैसा त्याच्याच गावातून पुन्हा गोळा होऊ शकतो याची कल्पना यावी.

आणि तो गोळा कसा होतो? बसस्थानकाच्या मागे, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर कोणीही उभे राहून पाहावे. मनुष्य येतो, क्वार्टर किंवा नाइंटी घेतो, उभ्याउभ्याच पाण्याबरोबर किंवा पाण्याविना घशाखाली घालतो, तळहातावरचे शेंगदाणे किंवा मीठ तोंडात टाकतो आणि चालू लागतो. तीन-चार मिनिटांचे काम. पोटात अन्न नसते. ७७ मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे त्या लोअर परळच्या पेल्यासारखे तीन पेले, तीन मिनिटांत. आमच्या महाविद्यालयात एक शिपाई होता. अत्यंत प्रामाणिक मनुष्य. ग्रंथालयाच्या किल्ल्या वीस वर्षे त्याच्याकडे होत्या आणि एक पुस्तक कमी झाले नाही. तो रोज याच रीतीने एक क्वार्टर घेई, कोणास त्रास देत नसे. यकृताच्या विकाराने तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्यापेक्षा अधिक वर्षे पिणारे सुखवस्तू लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याजवळ जेवणाचे ताट आणि बसावयास खुर्ची होती.

तालुक्यात परमिट रूम नाहीत काय? आहेत. नगर-टेंभुर्णी रस्त्याने जाणाऱ्यास त्यांचे फलक दिसतात. 'गार्डन', 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था' इत्यादी. आत गेल्यास दिवसाही अंधार, लाकडी किंवा प्लायवूडचे कप्पे, त्यांवर पडदे. तेथे जाणारा शिक्षक किंवा कारकून मोटारसायकल मागल्या बाजूस लावतो. आपण कोणास दिसू नये, एवढी एकच सोय तेथे काळजीपूर्वक केलेली असते. जो दिसत नाही तो किती पितो हेही दिसत नाही. ओळखीच्या चार माणसांच्या नजरेचा जो लगाम उजेडातील जागेत आपोआप लागतो, तो पडद्यामागे सुटतो. अकलूजजवळ मोटेवाडीस, म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांसह द्राक्षमळे लावले. 'फ्रातेल्ली' या नावाने, ज्याचा इटालियन अर्थच 'बंधू' असा आहे, ती वाइन मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत मिळते. येथील परमिट रूममध्ये तिची चौकशी केली असता वाढप्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी विषय बदलला.

ही अंधारी खोली कायद्याने घडविली आहे. १९३७ साली अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला, डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात, अर्थात सोलापूर जिल्ह्यातही, संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. कायद्यास आव्हान मिळाले. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंधने रद्द ठरविली, पण कायद्याचा गाभा कायम राखला. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. हातभट्ट्या वाढल्या, मुंबईत 'आंटीचे अड्डे' निघाले, त्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या. साठच्या दशकात बंधने सैल होऊ लागली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, परवाना मागेल त्यास मिळू लागला. १९७३ साली देशी मद्याचे नियम होऊन अधिकृत दुकाने निघाली.

परंतु कायदा रद्द झाला नाही. तो आज 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने जिवंत आहे. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रात दारूबंदी आहे आणि पिणारा प्रत्येक जण अपवाद आहे. त्या अपवादाचा दाखला म्हणजे परवाना, 'परमिट'; त्यावरूनच 'परमिट रूम'. परवान्याचा मजकूर वाचण्यासारखा आहे: प्रकृतीचे रक्षण व्हावे म्हणून धारकास मद्य बाळगण्याची व सेवन करण्याची अनुमती दिली जाते. एका दिवसाच्या परवान्यास देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच रुपये, आजन्म परवान्यास एक हजार. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची एकवीस वर्षे व अन्य मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. आमच्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या हिशेबाने कोणताच परवाना मिळण्यास पात्र नाहीत. तो कधी कोणी मागत नाही, ही गोष्ट निराळी. जो नियम कोणी पाळीत नाही आणि कोणी काढीतही नाही, त्याचा उपयोग फक्त एकासच होतो: ज्याच्या हाती तो केव्हाही लावण्याचा अधिकार असतो त्यास. परमिट रूमच्या मालकाचे लक्ष गिऱ्हाइकाच्या चवीपेक्षा या अधिकाराकडे अधिक असते. तो खोली उजेडात का आणील?

दुसरी गोष्ट दुकानांची. सत्तरच्या दशकापासून शासनाने किरकोळ विक्रीच्या दुकानांचे नवे परवाने देणे थांबविले. हेतू दारू आटोक्यात ठेवण्याचा. लोकसंख्या वाढली, मागणी वाढली, दुकाने तितकीच. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की अशा स्थितीत परवाना हीच मालमत्ता होते आणि तिच्यावर बसून खंड खाता येतो. गिऱ्हाइकास चांगली जागा देण्याची गरज अशा दुकानदारास का भासावी?

या संदर्भात कौटिल्याचे स्मरण होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर एक संपूर्ण अध्याय आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार तो देतो. पण महत्त्वाची आहे ती पानगृहाची रचना. त्यास अनेक खोल्या असाव्यात, निजण्याबसण्याची वेगवेगळी सोय असावी, सुगंध, माळा आणि पाणी असावे, प्रत्येक ऋतूत तेथे सुख वाटावे, असे तो सांगतो. मद्य अल्प प्रमाणात घरी नेण्याची मुभा केवळ ज्यांचे वर्तन ठाऊक आहे अशांना. इतरांनी तेथेच बसून प्यावे. अर्थात गिऱ्हाइकांवर हेर नेमावयास तो विसरत नाही, तो कौटिल्यच. परंतु एवढे त्यास कळले होते की पिणाऱ्यास खोली दिली की त्याच्यावर नजरही राहते आणि त्याची प्रतिष्ठाही राहते, आणि राजाचा महसूल तर येतोच. आपण महसूल घेतला आणि खोली काढून घेतली.

येथे वाचक, विशेषतः भगिनी, म्हणतील की प्राध्यापकमहाशय बारची वकिली करीत आहेत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्यामागचा अनुभव माझ्या हिशेबापेक्षा मोठा आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारल्यास दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्या! आपल्या आमदार-खासदारांस ही अट लावली तर किती जण निवडून येतील? तरीही राज्यात ठिकठिकाणी बायांनी ही अट पार केली आहे. गडचिरोलीत १९९३ साली जी दारूबंदी आली तिच्यामागे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह हजारो आदिवासी स्त्रीपुरुषांचे आंदोलन होते. मी त्या चळवळीस नावे ठेवणार नाही. बायांनी जे पाहिले ते बार नव्हतेच. त्यांनी मजुरीच्या दिवशी तीन मिनिटांत रिकामी होणारी क्वार्टर आणि त्यानंतरची रात्र पाहिली. मात्र चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठवावी लागली, हेही खरे. आणि स्वस्त अधिकृत दारूच्याही खालचा, हातभट्टीचा आणि विषाचा, एक थर सदैव असतोच. २००४ साली विक्रोळीस ऐंशीहून अधिक आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे त्यातच गेली. मेलेले सर्व हातावर पोट असलेले होते.

तेव्हा प्रश्न बंदी की मुभा असा नाही. कर कशावर आणि किती, हा आहे. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने राज्यांच्या हाती उरलेल्या थोड्या मोठ्या उत्पन्नांपैकी ते एक आहे. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर पाचावरून दहा टक्के झाला. जो बाटली पिशवीत घालून जातो त्यास तो लागत नाही, जो बसतो त्यास लागतो. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि वर्षास १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील असे सांगितले. १८० मिलिलिटरला किमान किंमत देशीस ८०, धान्यापासून राज्यातच केलेल्या नव्या वर्गाच्या मद्यास १४८, विदेशीस २०५. बहिणींच्या खात्यात दरमहा जे जमा होते ते भावांच्या पेल्यातून काढावयाचे, अशी टीका त्या वेळी झाली. ती कडवट होती, पण अगदी निराधार होती असे म्हणवत नाही. १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बारमालकांनी एक दिवस धंदा बंद ठेवून निषेध केला. मालकांच्या निषेधाशी मला फारसे कर्तव्य नाही. परंतु या दरांतून शासनाने कोणती सवय स्वस्त केली आहे ते पाहा. देशीतील मद्यार्क मिलिलिटरला एक रुपया. विदेशीतील दोन रुपये सहासष्ट पैसे. आणि पाच टक्क्यांची सौम्य बिअर, जिच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत मद्यार्क अवघा ३२ मिलिलिटर आणि किंमत दीडशेच्या पुढे, ती साडेचार रुपयांहून महाग. बिअर आणि वाइन यांना जूनच्या वाढीतून वगळले, हे चांगले केले. तरीही जो थोडी, सौम्य आणि सावकाश घेऊ पाहतो त्यास सर्वांत महाग, आणि जो भराभर गुंग होऊ पाहतो त्यास सर्वांत स्वस्त, हा क्रम बदलला नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा एवढा गहजब झाला की तो बासनात गेला. ७७ मिलिलिटरच्या क्वार्टरविषयी असा गहजब मी ऐकलेला नाही.

कर द्रवाच्या मापावर वा निर्मितिमूल्यावर न लावता त्यातील मद्यार्कावर लावावा; बसून, अन्नाबरोबर घेणाऱ्यावरील वेगळा भार काढावा; देशीच्या दुकानास बाक, पाणी, उजेड आणि खाण्याची सोय ही परवान्याची अट करावी; आणि ते दोन-पाच रुपयांचे परवाने एकतर खरोखर द्यावेत किंवा कायद्यातून काढून टाकावेत. महसूल यात बुडत नाही. देशी महाग केल्यास गरीब हातभट्टीकडे वळेल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि म्हणूनच दर एका रात्रीत चढविता येणार नाहीत. सौम्य पेये आधी स्वस्त करून मग हळूहळू तीव्र पेये महाग करावी लागतील, आणि हातभट्टीवर हप्त्याऐवजी छापे पडावे लागतील. हे कठीण आहे, याची जाणीव आहे.

यंदा निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यातून पंढरीकडे जात असताना मी जेऊरला होतो. आषाढी एकादशीस राज्यात दारूची दुकाने बंद असतात. तो दिवस अजून यावयाचा होता. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील दिंडीतील लोकांस चहा वाटीत होते. गळ्यात तुळशीची माळ, चार एकर ऊस. मला पाहून त्यांनी बाजूस बसविले.

"सर, तुमी मुंबैला पोराकडं जाऊन आला म्हनं. त्ये हॉटेलात नेमकं काय करतं वो?"

मी म्हटले, "सरबतं करतो, तात्या. निरनिराळी."

त्यांनी बराच वेळ केटलीकडे पाहिले. "सरबताला एवढा पगार देत्यात व्हय," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "असू द्या. ऊस तर आपनच घालतो कारखान्याला." पुढे कोणी काही बोलले नाही. दिंडी उठू लागली तेव्हा त्यांनी विचारले, नोकरी कायम आहे का आणि प्रॉव्हिडंट फंड कापतात का. कापतात, असे मी सांगितले. मुलाने मला पगाराची चिठ्ठी दाखविली होती.